लाटा आणि बर्फ: दोन हंगामांत जगणाऱ्या बाईला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं मी वर्षातले साधारण पाच महिने समुद्रावर सर्फिंग करत आणि चार महिने बर्फात स्नोबोर्डिंग करत काढते. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत किंवा पुळणीवर वेटसूट (गार पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख) सोलून काढताना कुणी ना कुणी बाई जवळ येऊन बसते आणि विचारते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. तुमच्यातल्या एखादीला असं वर्ष जगून बघायचं असेल तर तिला उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

वर्षाची वाटणी नेमकी कशी असते?

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत जपानचं होक्काइदो. सैबेरियाकडून येणारी कोरडी, गार हवा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलते आणि डोंगराला धडकली की ते बर्फ होऊन खाली येतं. हे आठवडेच्या आठवडे चालतं, त्यामुळे तिथला बर्फ इतका हलका असतो की मुठीत घेतला तरी गोळा होत नाही. मार्च ते एप्रिलचा मध्य आल्प्समध्ये, कारण तोवर दिवस मोठे झालेले असतात आणि उंचावर बर्फ टिकून असतो.

जून ते ऑगस्ट इंडोनेशिया. तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, दक्षिणेच्या महासागरातली वादळं लाटा पाठवत राहतात आणि आग्नेयेचा व्यापारी वारा बालीच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. सप्टेंबर-ऑक्टोबर फ्रान्समधलं ओसेगोर. तिथे काप्रेतोंची खोल घळ समुद्राखालून पार किनाऱ्यापर्यंत येते, म्हणून अटलांटिकची लाट फारशी दमून न जाता थेट वाळूवर येऊन फुटते. त्या लाटा नवख्यांसाठी नाहीत, पण आजूबाजूला सौम्य किनारेही आहेत.

बेरीज केलीत तर नऊ महिने होतात. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर आणि नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, असे सहा-सहा आठवडे उरतात. त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं आणि माझं वर्ष उभं असतं ते त्यांच्याच जिवावर.

मग त्या मधल्या तीन महिन्यांत काय करता?

काम, दुरुस्ती आणि व्यायाम. पहिली तीन वर्षं मी हे आठवडे वाचवायला बघायची. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की दुसऱ्याच आठवड्यात समुद्र. चौथ्या वर्षी खांदा असा धरला की हात डोक्यावर जाईना. लाटा समोर फुटत होत्या आणि मी पाच आठवडे पुळणीवर बसून होते. त्यानंतर मधले आठवडे कधी कापले नाहीत.

बर्फाच्या चार महिन्यांत मांड्या भरतात आणि खांदे सुस्तावतात. समुद्रावर नेमकं उलटं होतं, कारण पाण्यातला बहुतेक वेळ पालथं पडून हात मारण्यातच जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी रोज पोहते, खांद्याच्या पात्यांभोवतीचे स्नायू रबरी पट्ट्यांनी कसते आणि जमिनीवर झोपून एका झटक्यात उभं राहायचा सराव करते. नोव्हेंबरमध्ये गुडघे आणि मांडीच्या मागचा भाग. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि मांडीच्या मागचे स्नायू भक्कम असतील तर त्या बंधावरचा ताण कमी होतो. कंटाळवाणे व्यायाम आहेत, एक दिवसाआड करावे लागतात, आणि मी ते करते.

सामानाचंही याच दिवसांत उरकते. एप्रिलमध्ये स्नोबोर्ड उलटा ठेवायचा, लोखंडी कडा पुसून कोरड्या करायच्या, मग इस्त्रीच्या टोकाला वॅक्सची वडी टेकवून थेंब थेंब खाली पाडायचे आणि इस्त्री सावकाश फिरवत ते पसरायचं. एरवी हे वॅक्स थंड झालं की खरवडून काढतात. हंगाम संपताना मात्र जाडसर थर तसाच ठेवायचा, म्हणजे सात-आठ महिने बोर्डाचा तळ सुकत नाही आणि कडांना गंज धरत नाही. डिसेंबरमध्ये तो थर पट्टीने खरवडताना पांढऱ्या भुग्याचा ढीग पायाशी साचतो आणि खोलीभर मेणाचा वास पसरतो. माझा हिवाळा तिथून सुरू होतो.

दोन्हीकडे वॅक्सच वापरतात, पण काम अगदी उलटं. सर्फबोर्डला ते वरच्या बाजूला, पाय घसरू नये म्हणून. स्नोबोर्डला खालच्या बाजूला, नीट घसरावं म्हणून. नवी मुलगी हे एकदा ऐकते आणि कधी विसरत नाही.

सर्फिंग येत असेल तर स्नोबोर्डिंग आपोआप येतं का?

आपोआप येत नाही. उलट, काही सवयी मोडाव्या लागतात.

जे बरोबर येतं ते आधी सांगते. डावा पाय पुढे ठेवणारी रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारी गूफी, हे दोन्हीकडे सहसा सारखंच राहतं. गुडघे वाकवून कंबर खाली ठेवणं आणि जिकडे जायचं तिकडे नजर लावणं, हेही तेच. वजनाची जागा मात्र बदलते. सर्फबोर्डचे फिन, म्हणजे तळाला बसवलेले कल्ले, मागच्या पायाखाली असतात, त्यामुळे जोरदार वळण मागच्या पायावर भार टाकून मारायचं. तयार केलेल्या, घट्ट बर्फावर वळणाची सुरुवात पुढच्या पायाने होते. उतार बघून भीती वाटली की अंग मागे, डोंगराकडे झुकतं, आणि समुद्रावरून आलेल्या बाईला तर ते बरोबरच वाटतं. मागे झुकलं की पुढची कड बर्फ धरत नाही आणि बोर्ड पायाखालून सुटतो. पहिल्याच दिवशी मी अशी पडले आणि हात टेकल्यामुळे मनगट मोडलं. स्नोबोर्डवर नवखी माणसं मनगटच सर्वाधिक मोडून घेतात. पहिल्या आठवड्यात मनगटाचे गार्ड घाला आणि पडताना मुठी मिटून हात छातीशी घ्या.

पुढच्या वर्षी शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट करायला लावली: पुढचा हात पुढच्या गुडघ्यावर ठेवायचा आणि दरीकडे झुकायचं. मन नको नको म्हणत असतं. तिसऱ्या दिवशी ते जमलं आणि बोर्ड वळला. नंतर गुडघाभर ताज्या, भुसभुशीत बर्फात (पावडरमध्ये) उतरलात की वजन पुन्हा थोडं मागे घ्यावं लागतं, कडा विसरायच्या असतात, आणि तेव्हा अगदी लाटेवर असल्यासारखं वाटतं.

ही दोन भावंडंच आहेत म्हणा. १९६५ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शेर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. ‘स्नो’ आणि ‘सर्फ’ जुळवून तिला ‘स्नर्फर’ हे नाव दिलं त्यांच्या बायकोने. आजचा स्नोबोर्ड त्या फळीतून आला. पहिल्यांदा त्यावर उभ्या राहिल्या त्या मुली होत्या, हे मला फार आवडतं.

स्की की स्नोबोर्ड?

पहिले तीन दिवस स्की सोपं आणि स्नोबोर्ड त्रासदायक. आठवड्यानंतर चित्र बदलतं. समुद्राची ओढ असलेल्या बाईने स्नोबोर्ड घ्यावा, असं माझं मत. दोन्ही जमणाऱ्याही आहेत: चेक प्रजासत्ताकाच्या एस्तर लेदेत्स्काने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग, दोन्हींत सुवर्णपदक मिळवलं.

चाळिशीला आले आहे. उशीर झाला का?

नाही. पडल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. सलग दोन दिवस खेळा, तिसरा दिवस सोडा.

पैसा कुठून येतो?

माझा अनुवादाच्या कामातून. समुद्रावर सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पाण्यात, दुपारी वारा बिघडला की लॅपटॉपवर. मोठी, मुदतीची कामं मी मधल्या सहा आठवड्यांतच घेते, कारण लाटा चांगल्या असताना मुदत आली की दोन्हीचा विचका होतो.

बाकीच्या बायका काय करतात तेही सांगते. बर्फाच्या ठिकाणी हंगामी कामं असतात: लिफ्टवर, स्वयंपाकघरात, पाहुण्यांच्या घरांची देखभाल, सामान भाड्याने देण्याच्या दुकानात. पगार बेताचा, पण बऱ्याचदा राहायची सोय आणि लिफ्टचा पास मिळतो, आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो. दोन-तीन हंगामांनंतर शिकवायचं प्रमाणपत्र घ्यावं. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचा पहिल्या पातळीचा प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे. बर्फासाठी कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड यांच्या संघटनांचे आहेत. ही दोन प्रमाणपत्रं हातात असतील तर बाराही महिने काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

एक नियम मी कधी मोडत नाही. परतीचं तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय निघायचं नाही. हाड मोडलं की खेळ थांबतो आणि खर्च वाढतो. विमा घेताना सर्फिंग, पिस्टबाहेरचं (तयार केलेल्या, राखलेल्या उताराबाहेरचं) स्नोबोर्डिंग आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने सोडवून आणणं, हे तीनही शब्द पॉलिसीत स्वतः वाचा. विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर एकदा विसंबले आणि दवाखान्याचं अख्खं बिल अंगावर आलं.

व्हिसाचं कसं?

तुमचा पासपोर्ट कुठला आहे त्यावर सगळं. अनेक देशांमध्ये तरुणांसाठी काम करत फिरण्याचा व्हिसा असतो, वयाची मर्यादा बहुधा ३० किंवा ३५. युरोपच्या शेंगेन भागात पर्यटक म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि ही मोजणी रोज पुढे सरकते. ओसेगोरचे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि आल्प्सचे मार्च-एप्रिल या हिशेबात बसतात, कारण मार्च सरत जातो तसे सप्टेंबरचे दिवस मोजणीतून गळतात. मधे डिसेंबरही आल्प्समध्ये काढायचा मोह झाला की गणित फसतं. दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजा.

लाटांचा अंदाज कसा वाचायचा?

सगळे आधी उंची बघतात. मी आधी कालावधी बघते, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते. दीड मीटरची लाट ८ सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कळीत. तीच १५ सेकंदांची असेल तर दूरच्या मोठ्या वादळातून आलेली, पोटात खूप ताकद घेऊन. किनाऱ्यावर ती दीड मीटरपेक्षा बरीच उंच उभी राहू शकते.

अशा लाटांचा जथा खोल समुद्रातून येतो तो साधारण ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे दोन हजार किलोमीटरवरचं वादळ आपल्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागतात. नकाशावर वादळ बघायचं, दिवस मोजायचे आणि त्या पहाटे अंधारात किनाऱ्यावर जायचं. आधी काही दिसत नाही. मग लांबून गडगडल्यासारखा आवाज येतो, थोडी शांतता, पुन्हा आवाज. त्या दोन आवाजांमधले सेकंद मी अजूनही मनात मोजते.

नंतर वारा बघायचा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेला उभी धरतो, समुद्राकडून येणारा तिला मोडून टाकतो. शेवटी भरती-ओहोटी, आणि त्याबाबत प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा. खडकाच्या तळावर ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की पडलात तर सोलून निघाल. तिथे रोज येणाऱ्याला विचारावं, संकोच करू नये.

रिप करंटची भीती वाटते.

वाटायला हवी. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने समुद्रात परत जातं, तोच हा प्रवाह. वरून बघितलं तर दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधली पट्टी शांत, गडद दिसते. नवखी माणसं नेमकी त्या शांत पट्टीतच उतरतात. अडकलात तर प्रवाहाविरुद्ध हात मारू नका, त्यात जीव दमतो. बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर सरका, मग फेसाबरोबर बाहेर या. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. बोर्ड पायाला बांधणारी दोरी, म्हणजे लीश, तुटू शकते.

आणि हिमस्खलन?

समुद्रावर ज्या वाऱ्याची मी वाट बघते, डोंगरावर त्याच वाऱ्याला भिते. वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला रचतो. वरून ती बाजू गुळगुळीत, बोलावणारी दिसते. आत थर एकमेकांना धरून नसतात. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे स्नोबोर्डला सगळ्यात मजा येते तिथेच. आणि ज्यांचा जीव जातो त्यांच्या बाबतीत थर बहुधा त्यांच्याच किंवा त्यांच्या साथीदाराच्या वजनाने सुटलेला असतो.

धोक्याची पातळी १ ते ५ अशी रोज जाहीर होते. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून माणसं गाफील राहतात. खूप मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात. मी ३ ला तीव्र उतारावर जात नाही, सोबतचे गेले तरी.

पिस्ट सोडून जायचं तर प्रत्येकीकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. मदतपथक तेवढ्यात पोचत नाही, म्हणजे वाचवणार तुमची मैत्रीणच. म्हणून दर डिसेंबरला आम्ही चालू बीकन पिशवीत घालून बर्फात पुरतो आणि घड्याळ लावून शोधतो. पहिल्या वर्षी मला अकरा मिनिटं लागली. जागा सापडली होती, पण खणणं संपेना. दाबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो. उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचं, हे तेव्हा कळलं.

अनुभवी माणसांना काही होत नाही हा समज काढून टाका. फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीकच्या उतारावर गेलेल्या गटात एकाहून एक कसलेले लोक होते. हिमस्खलनात त्यातले तिघे दगावले. त्याच लोटात सापडलेली एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीपटू पाठीवरच्या फुगणाऱ्या एअरबॅगमुळे वाचली.

पाळीच्या दिवसांत काय करता?

जमेल तर खेळते, नाही जमलं तर झोपते. समुद्रात पाळीचा कप सगळ्यात सोयीचा, कारण वेटसूट काढायला जागा मिळेलच असं नाही. रक्ताच्या वासाने शार्क येतात या भीतीला पुरावा नाही. बर्फात पँट अशी घ्या जिचा मागचा भाग चेनने उघडतो. खांद्यावरून पट्टे असलेली पूर्ण पँट काढून उणे दहा अंशांत बसणं म्हणजे शिक्षा आहे. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. तसं करू नका. उंचावर पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, थकवा लवकर येतो आणि माणूस चुकीचे निर्णय घेतं.

बोटं गार पडत असतील तर पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी बोटं एकत्र राहणारे मिटन घ्या. बूट बायकांच्या मापाचेच घ्या. आपली पोटरी खालपर्यंत भरलेली असते आणि पुरुषांचा उंच बूट तिथेच रुततो.

वेटसूट कुठला घ्यावा?

३/२ म्हणजे छाती-पाठीला ३ मिलिमीटर आणि हातापायांना २. ओसेगोरच्या शरद ऋतूत तो पुरतो, थंड पाण्यात ४/३, त्याहून थंडीत ५/४ आणि डोक्याला टोपी. पाठीवर किंवा मानेपाशी जागा सुटत असेल तर कितीही जाड घेतला तरी गार पाणी आत शिरत राहतं. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उलटा करून सावलीत वाळवा.

त्वचा, कान, डोळे?

दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही क्रीम लावा. माझी पहिली भाजलेली जागा तीच. झिंक ऑक्साइडचं क्रीम दोन्हीकडे चालतं. हवाई बेटांवर २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेली क्रीमं विकायला बंदी आहे, प्रवाळांना अपाय होतो म्हणून.

कानांकडे कुणी लक्ष देत नाही. थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की आतलं हाड वाढून वाट अरुंद होते. पाण्यात जाताना कानात बोळे घाला, अगदी पहिल्या वर्षापासून.

पाण्यात सगळे पुरुष असतात. जागा कशी मिळवायची?

नियम पक्का माहीत असला की निम्मी भीती जाते. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ असलेल्याचा तिच्यावर हक्क. दुसऱ्याच्या लाटेवर घुसायचं नाही, आणि आपली असेल तर सोडायचीही नाही. बायका हक्काची लाट सोडून देतात, हे मी रोज बघते. मीही दोन वर्षं तेच केलं. आता लाटेवर उभं राहायला निघताना मोठ्याने ‘माझी’ म्हणते. जागतिक सर्फ लीगने २०१९ पासून स्त्री-पुरुषांना सारखी बक्षिसं द्यायला सुरुवात केली. पाण्यात तुमच्या शेजारी बसलेल्या माणसापर्यंत ते पोचायला वेळ लागेल, तोवर आपण आवाज काढायचा.

एवढा विमानप्रवास, तोही बर्फ वितळत असताना?

हा प्रश्न मला बोचतो. खेळते बर्फावर आणि फिरते विमानाने, यात विसंगती आहे. आधी वर्षाला नऊ-दहा उड्डाणं व्हायची. आता एका ठिकाणी दोन-तीन महिने मुक्काम करते आणि युरोपात रेल्वेने फिरते. तेवढ्याने हिशेब फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही हंगाम एकाच देशात शोधावेत. न्यूझीलंडमध्ये रॅग्लनच्या लाटा आणि वानाकाचे बर्फाळ डोंगर आहेत. मोरोक्कोत हिवाळ्यात तागाझूतला लाटा असतात आणि अॅटलासमधल्या उकाइमेदनला बर्फ.

सुरुवात कुठून करू?

अख्खं वर्ष बदलू नका. एक आठवडा वाळूच्या तळाच्या सौम्य किनाऱ्यावर, आठ फुटी मऊ फोमच्या बोर्डवर, कंबरभर पाण्यात फुटून आलेल्या फेसात. त्यानंतर सहा आठवडे घरी: पोहणं, गुडघे, खांदे. मग एक आठवडा बर्फात, शिकवणाऱ्यासोबत, सकाळी दोन तास. बोर्ड दोन्हीकडे भाड्याने घ्या. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: वारा कुठून होता, लाट किती सेकंदांची होती, बर्फ कसा होता, कुठे दुखलं. माझ्या वह्यांमध्ये चौथ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये पाच आठवड्यांची पानं कोरी आहेत.